जिवाचा प्रश्न, पण कोणाच्या?

"ठोके ऐकवले मला त्यांनी." एवढंच बोलून ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली.

आमच्या सल्ला केंद्रात ती आली तेव्हा तिला अठरा आठवडे झाले होते. पदरी दोन पोरं. धाकटं अकरा महिन्यांचं, अजून अंगावर पिणारं. 'पाजतेय तोवर दिवस जात नाहीत' असं आईनं सांगितलेलं, सासूनंही सांगितलेलं. त्यामुळे पाळी आली नाही याचं तिला काही वाटलं नाही. पोट दिसायला लागलं तेव्हा कळलं. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिला रक्त चढवावं लागलं होतं. तिसरं नको, हे तिचं पक्कं ठरलेलं होतं.

ती आधी सरकारी दवाखान्यातच गेली होती. कायद्याप्रमाणे वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं. तिला मिळालं ते असं: सोनोग्राफीच्या टेबलावर झोपवून मशीनचा आवाज मोठा केला. "ऐक, जीव आहे हा. जिता जीव मारायला आलीस?" पुढे, "करायचंच असेल तर नवऱ्याची सही आण." नवरा त्या वेळी गुजरातेत. ती घरी परतली, आठ दिवस कोणाशी बोलली नाही. मग शेजारणीनं तिला आमच्याकडे आणलं.

कायद्याची प्रत हातात घेऊन आम्ही तिच्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. दोन खेपा झाल्या. विसावा आठवडा भरायच्या आत तिचं काम झालं. परतताना एसटीत खिडकीशी बसून तिनं मला विचारलं, "ताई, खरं सांगा. जीव होता का त्यात?"

समाजकार्यात एम. ए. करताना मी समुपदेशनाचे दोन पेपर दिले आहेत. तरी मला उत्तर आलं नाही. "तू त्याचा विचार करू नकोस," असं काहीतरी मी पुटपुटले. तिनं मान वळवून बाहेर बघितलं. मी प्रश्न टाळला हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मलाही कळलं होतं.

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपण सगळ्याच टाळत आलो आहोत. 'बाईचं शरीर, बाईचा हक्क' ही घोषणा आपण मोर्चात देतो आणि ती खरीच आहे. पण एसटीत शेजारी बसलेल्या बाईला घोषणा देऊन चालत नाही. आपण बोललो नाही तर ती जागा रिकामी राहत नाही. तिथे सोनोग्राफीचा आवाज मोठा करणारे येऊन बसतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

शास्त्र काय सांगतं?

जीव केव्हा सुरू होतो, असं विचारलं तर शरीरशास्त्राचं उत्तर आहे की तो सुरू होत नाही, चालूच असतो. बीजांड जिवंत असतं, शुक्राणूही जिवंत असतो. मेलेल्या दोन गोष्टी एकत्र येऊन एक जिवंत गोष्ट तयार होते, असं कधीच घडत नाही. तेव्हा प्रश्न 'जिवंत आहे का' असा नाही. 'याला माणूस कधीपासून म्हणायचं' असा आहे, आणि तो प्रयोगशाळेत सुटणारा नाही.

शास्त्र आपल्याला टप्पे सांगतं. बीजवाहिनीत बीजांड आणि शुक्राणू एकत्र येतात. हा 'क्षण' नसतो, या क्रियेला जवळपास एक दिवस लागतो. मग एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होत तो गोळा गर्भाशयाकडे सरकतो. पाचव्या दिवसाच्या सुमाराला त्याचा पोकळ फुगा होतो. त्याच्या बाहेरच्या पेशींपासून पुढे वार तयार होते, आतल्या थोड्या पेशींपासून गर्भ. साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. कितीतरी रुजतच नाहीत. पाळी येते आणि बाईला काही कळतही नाही. दिवस गेल्याचं कळल्यानंतरसुद्धा दहातले एक-दोन गर्भ आपोआप पडतात. प्रत्येक फलित बीजांड म्हणजे पूर्ण माणूस असं मानलं, तर जगात सर्वांत मोठा संहार निसर्गच करतो असं म्हणावं लागेल. त्याचं सुतक कोणी पाळत नाही.

सुमारे चौदा दिवसांपर्यंत त्या गोळ्याचे दोन होऊन जुळी निपजू शकतात. म्हणजे तोवर तो एक आहे की दोन, हेसुद्धा ठरलेलं नसतं. पंधराव्या दिवसाच्या आसपास त्याच्यावर एक रेघ उमटते, त्यातून शरीराचं डोकं-शेपूट, डावं-उजवं ठरतं. ब्रिटनमध्ये १९८४ साली वॉरनॉक समितीनं म्हणूनच प्रयोगशाळेत गर्भ वाढवण्याला चौदा दिवसांची मर्यादा सुचवली. आपल्याकडच्या मूळपेशी संशोधनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीच मर्यादा आहे.

आता ते ठोके. फलनानंतर बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी एक नळी आकुंचन पावू लागते. चार कप्प्यांचं हृदय त्यानंतर काही आठवड्यांनी घडतं. मेंदूची जडणघडण तर बाळ जन्मल्यानंतरही चालू असते. वेदना जाणवायला मेंदूच्या ज्या बाहेरच्या थरापर्यंत मज्जातंतू पोचावे लागतात, ते जोड साधारण चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास बनायला लागतात. आईबाहेर जगण्याची शक्यताही त्याच सुमारास सुरू होते. पण तीसुद्धा शहरातल्या नवजात अतिदक्षता विभागात. आदिवासी पाड्यावर ती अजून कितीतरी पुढे असते.

यातल्या कोणत्या टप्प्यावर बोट ठेवून 'इथून माणूस' असं म्हणायचं? शास्त्र ते सांगत नाही. ते आपण ठरवतो. आणि 'आपण' म्हणजे आजवर कोण? धर्मगुरू, वैद्य, न्यायाधीश, खासदार. ज्यांच्या पोटात ते वाढतं त्या नव्हेत.

धर्मांचं एकमत आहे का?

अनादि काळापासून गर्भ म्हणजे पूर्ण माणूस असं मानलं गेलं, असं आपल्याला सांगतात. ते खरं नाही. सुश्रुतानं चौथ्या महिन्यात चेतना प्रकट होते असं म्हटलं, आणि त्या गर्भिणीला 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, म्हटलं. गर्भोपनिषदात सातव्या महिन्यात जीव गर्भाशी जोडला जातो. डोहाळजेवणही बहुतेक घरांत सातव्या महिन्यातच करतात, पहिल्या आठवड्यात कोणी करत नाही. इस्लामी परंपरेत १२० दिवसांचा हिशोब मोठ्या प्रमाणावर मानला गेला. आज सर्वांत कडक भूमिका घेणाऱ्या रोमन कॅथलिक चर्चनंही शतकानुशतकं जीव न आलेला गर्भ आणि जीव आलेला गर्भ असा भेद शिक्षेत केला होता. तो पोप नववे पायस यांनी १८६९ साली काढून टाकला.

आणि आपल्या आज्या? 'पोटात फिरलं' की त्या म्हणायच्या, 'जीव धरला'. अठरा-वीस आठवड्यांच्या सुमाराला बाईला स्वतःला जाणवणारी ती हालचाल. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतही गर्भ हलू लागण्याआधीच्या गर्भपाताला तीन वर्षं आणि नंतरच्याला सात वर्षं अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, पण तिच्या ८८ व्या कलमात तीच रचना कायम आहे. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही या कलमात गुन्हेगार ठरते. १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा हा त्या गुन्ह्याला दिलेला अपवाद आहे. तो बाईचा हक्क म्हणून लिहिलेलाच नाही. तो डॉक्टरला संरक्षण देतो. बाईनं 'मला नको' एवढं म्हणून भागत नाही. डॉक्टरचं मत पडावं लागतं.

२०२१ च्या दुरुस्तीनं काही दारं उघडली हे मान्य करायला हवं. मर्यादा काही गटांतल्या बायकांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली. 'विवाहित स्त्री व तिचा पती' याऐवजी 'स्त्री व तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं अविवाहित बाईला वीस ते चोवीस आठवड्यांची सवलत नाकारता येणार नाही असं सांगितलं, आणि या कायद्यापुरता नवऱ्यानं केलेला बलात्कार हाही बलात्कारच धरला. आपण पेढे वाटले.

एका वर्षानं काय झालं? ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराशी झगडणारी, सव्वीस आठवड्यांची गर्भवती, त्याच न्यायालयात गेली. तिलाही अंगावर पाजत असल्यानं दिवस गेल्याचं उशिरा कळलं होतं. ९ तारखेला परवानगी मिळाली. ११ तारखेला दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. १६ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं परवानगी नाकारली. त्या आठवडाभर न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत न जन्मलेल्या बाळाच्या हक्कांची भाषा ऐकू येत होती. त्या बाईनं 'माझ्यानं होणार नाही' असं सांगितलं होतं. तिचं हे वाक्य मात्र त्या गलबल्यात बुडून गेलं.

आपल्याच तोंडातला शब्द

आता जे लिहिणार आहे ते काही मैत्रिणींना लागेल. तरी लिहिते.

ती डॉक्टरीणबाई 'जिता जीव मारायला आलीस' असं म्हणाली. ही भाषा तिला कोणी शिकवली? तिच्या दवाखान्याच्या भिंतीवर एक पोस्टर होतं. पोटातली चिमुकली हात जोडून म्हणतेय, 'आई, मला मारू नकोस.' खाली मोठ्या अक्षरांत 'स्त्रीभ्रूणहत्या महापाप'. अशी पोस्टर्स सरकारनं लावली, रोटरीनं लावली, गणपती मंडळांनी लावली. आणि बायकांच्या संघटनांनीही लावली. मीसुद्धा कॉलेजात असताना त्या घोषणेखाली पथनाट्य केलं आहे. त्यात मी गर्भातल्या मुलीचं काम करत होते.

आपण सुरुवात अशी केली नव्हती. १९८० च्या दशकात मुंबईत लिंगनिदानविरोधी मंच उभा राहिला तेव्हा बोट तंत्रज्ञानाकडे होतं, आणि ते विकणाऱ्या डॉक्टरकडे. त्याच लढ्यातून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला लिंगनिदानविरोधी कायदा झाला आणि १९९४ साली केंद्राचा. त्या कायद्यानं गर्भपातावर बंदी घातलेली नाही. त्यात बाईवर नवऱ्याची किंवा नातेवाइकांची सक्ती झाली असं गृहीत धरायला सांगितलं आहे. आपला आक्षेप गर्भपाताला नव्हता. मुलगी नको म्हणून निवड करण्याला होता.

मग 'हत्या' हा शब्द आला आणि सगळं पुसलं गेलं. हत्या म्हटलं की खुनी हवा. खुनी कोण? टेबलावरची बाई. 'आई, मला मारू नकोस' असं म्हणणारी चिमुकली आजोबांना काही म्हणत नाही, बापाला काही म्हणत नाही, हुंडा मागणाऱ्याला, मशीनवाल्याला काही म्हणत नाही. सगळा आरोप आईवर. आणि एकदा मुलीच्या गर्भाचा पात 'हत्या' ठरला, की मुलाच्या गर्भाचा पात काय ठरेल? बलात्कारातल्या गर्भाचा? अकरा महिन्यांचं पोर अंगावर असलेल्या बाईच्या गर्भाचा? शब्द एकदा सोडला की तो आपण म्हणू तिथे थांबत नाही.

महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. म्हणजे जनगणनेच्या दर खेपेला आकडा घसरत गेला. पोस्टरनं आकडा सावरला नाही, पण गर्भपात मागायला आलेल्या प्रत्येक बाईकडे संशयानं बघायला मात्र शिकवलं. कित्येक दवाखाने 'नको ते झेंगट' म्हणून बारा आठवड्यांनंतरच्या बाईला हात लावत नाहीत. ज्याला मुलगाच हवा त्याला पैसे मोजून फिरतं मशीन मिळतं. जिच्याकडे पैसे नाहीत ती अडकते.

मार्च २०१७ आठवतोय? सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातात एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. तिच्या मृत्यूचा तपास करताना ओढ्याजवळ पुरलेले १९ गर्भ सापडले. त्यानंतर सगळीकडे एकच आकडा, १९. ज्या बाईच्या मरणानं हे उजेडात आलं, ती विसावी कोणाच्या मोजणीत आली? मी त्या आठवड्यात आमच्या कार्यकर्त्यांना विचारलं, 'किती मेले?' सगळ्यांनी 'एकोणीस' म्हटलं. एकीनंही 'एक बाई' असं म्हटलं नाही. गर्भाला माणूस करता करता आपण बाईला माणसातून वजा करून बसलो होतो.

विरोधकांचं म्हणणं

आमच्याशी वाद घालणारे सगळे दुष्ट नसतात. काहींचं म्हणणं मनापासून असतं: गर्भाची जनुकं आईपेक्षा वेगळी, म्हणजे तो वेगळा माणूस, मग त्याचा जगण्याचा हक्क नको का?

मी गर्भाला 'नुसता मांसाचा गोळा' म्हणणार नाही. ज्या बाईचं हवं असलेलं मूल चौथ्या महिन्यात पडलं तिला जाऊन असं सांगून बघा. गर्भाला मोल आहे आणि जसजसा तो वाढतो तसतसं ते वाढतं, हे मला मान्य आहे. बहुतेक बायकांनाही ते मान्य असतं. म्हणूनच त्या लवकर यायला धडपडतात. त्यांना उशीर होतो तो सही, पैसे, लाज आणि बंद दवाखाने यांच्यामुळे.

पण हक्क म्हटलं तर पुढचंही बोला. जन्मलेल्या, शाळेत जाणाऱ्या पोराला मूत्रपिंड हवं असेल आणि बापाचं जुळत असेल, तरी या देशातला कोणताही कायदा बापाला टेबलावर झोपवू शकत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात दात्याची संमती ही पहिली अट आहे. बाटलीभर रक्तसुद्धा जबरदस्तीनं घेता येत नाही. मग नऊ महिने रक्त, हाडं, झोप, रोजगार आणि प्रसंगी जीव देण्याची सक्ती फक्त बाईवर का? पुरुषांच्या शरीराला लागू नाही असा नियम बाईच्या शरीराला लावला जातो, तेव्हा प्रश्न गर्भाचा उरलेला नसतो.

आणि शहरातल्या वंध्यत्व केंद्रांकडे बघा. तिथे गोठवलेले मानवी गर्भ नळ्यांमध्ये असतात. २०२१ च्या कायद्यानं ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, त्यानंतर नष्ट होऊ द्यायचे किंवा संमतीनं संशोधनाला द्यायचे. त्या फ्रीजसमोर कोणी 'हत्या' म्हणून घोषणा देत नाही. तोच गर्भ बाईच्या पोटात गेला की लगेच सगळ्यांना त्याचा कळवळा येतो. कळवळा गर्भाचा असता तर तो दोन्हीकडे असता.

बेळगावची सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये दंतवैद्य होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला. तो वाचणार नाही हे स्पष्ट होतं. तिनं गर्भपात मागितला. पण ठोके चालू होते आणि तिथला कायदा आड आला. ठोके थांबेपर्यंत जंतुदोष अंगभर पसरला होता. २८ ऑक्टोबरला ती गेली. ३१ वर्षांची होती. १९८३ साली तिथल्या संविधानात गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क समान आहे असं लिहिलं गेलं होतं. 'समान' या शब्दाचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते त्या खाटेवर दिसलं. २०१८ साली आयर्लंडच्या ६६ टक्के मतदारांनी ते कलम काढून टाकलं. आपण मात्र ठोके ऐकवायला आता शिकतो आहोत.

मग करायचं काय?

पहिलं, आपल्या पत्रकांतून, फलकांवरून, भाषणांतून 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द आपण काढून टाकू या. 'गर्भलिंगनिवड' म्हणू या. शब्द रुक्ष आहे, घोषणेत बसत नाही. पण तो खरा आहे, आणि बोट जिकडे हवं तिकडे दाखवतो.

दुसरं, प्रत्येक वस्तीत हे सांगू या की अठरा वर्षांवरच्या बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. सही मागणाऱ्या दवाखान्याला 'हे लेखी द्या' म्हणा. लेखी कोणी देत नाही, आणि बहुतेक वेळा काम होतं. हा आमचा अनुभव आहे.

तिसरं, मागणी. पहिल्या बारा आठवड्यांत तरी बाईच्या मागणीवरून गर्भपात मिळाला पाहिजे, डॉक्टरच्या मतावरून नव्हे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तो मिळाला पाहिजे. २०१५ साली देशात अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. बायकांनी त्यांचा निर्णय घेतलेला आहे. त्या निर्णयाच्या वेळी व्यवस्था त्यांच्या बाजूला उभी राहणार की नाही, एवढंच ठरायचं बाकी आहे.

आणि त्या एसटीतल्या बाईला उत्तर. ते मी उशिरा दिलं. चार महिन्यांनी ती बचत गटाच्या बैठकीला आली होती, धाकटं पोर आता चालत होतं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "तू विचारलं होतंस ना? होता. जीव होता. तुझ्या रक्तावर, तुझ्या श्वासावर चाललेला होता. त्याला माणूस करायचं की नाही हे तुझ्याशिवाय दुसरं कोणी ठरवू शकत नव्हतं. तू ठरवलंस. ते पाप नव्हे."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हेच तेव्हा सांगायचं होतं की ताई. मी काय रडले नसते असं नाही. पण आठ महिन्यांच्या पोटुशीगत ओझं घेऊन फिरले मी."

पुढच्या बाईला आपण तेव्हाच सांगू या.